मोठेबाबांचा शेपटीचा तारा

साखरखेर्डा,
श्रावण वद्य पंचमी

चि. गजेंद्र यास,

मोठीआईचा भरपूर आशीर्वाद. हे पत्र तुला डब्यात लाडवांच्या खाली सापडलं असेल. वर ठेवलं असतं तर तू आधी पत्र वाचलं असतंस, मग तुला कोणाचा तरी फोन आला असता आणि लाडू मुंग्यांनी खाल्ले असते. तुझा स्वभाव मला तू पहिलीत होतास तेव्हापासून माहीत आहे. तब्येत कशी आहे? पाठ दुखत होती ती थांबली का? दिवसभर खुर्चीत बसून चांदण्या लावणाऱ्याची पाठ दुखते आणि रात्रभर बांधावर उभं राहून पिकाला पाणी देणाऱ्याची दुखत नाही, ही कसली पाठ, असं तुझे मोठेबाबा म्हणतात. (त्यांचीही दुखते. ते कबूल करत नाहीत एवढंच, पण माझी बामची बाटली महिना पुरत नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सोयाबीन चांगलं उभं आहे, पाऊस बेताचा आहे, आभाळ मात्र आठवडाभर उघडलेलं नाही. तुझी आई वंदनाही खुशाल आहे, पण कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. ते का, हे तुला तिच्या तोंडून कळण्याआधी माझ्या हातून कळावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचा अशी पद्धत आहे आणि यातल्या काही गोष्टी स्पीकरवर बोलण्यासारख्या नाहीत. मागणं काही नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तुला धाकधूक नको.

दिवाळीत तू पुण्याहून आलास तेव्हा टीव्हीला ते खेळाचं काळं खोकं जोडून दिलंस आणि म्हणालास, मोठीआई, यात एक घोडेस्वार आहे, त्यानं गावोगाव टपाल पोचवायचं असतं, वाटेत दरोडेखोर येतात, पण ते सगळं दुसऱ्यांनी केलंय. तू फक्त वर बघ, वरचं आभाळ माझं आहे. मी मान हलवली खरी, पण मनात म्हटलं, आभाळात करण्यासारखं काय असतं? काळा रंग फासायचा आणि वरून मीठ भुरभुरायचं. तू गेल्यावर एका दुपारी खिडकीवर चादर टाकली, दार लोटलं आणि तो घोडेस्वार गावाबाहेरच्या टेकाडावर नेऊन उभा केला. मान वर केली. खरं सांगते गजू, पहिल्यांदा मला काहीच विशेष दिसलं नाही. दहा-बारा चांदण्या. वाटलं, कंपनीनं याला पगार कशाचा दिला? मग हात कुठं तरी लागला आणि घोडेस्वाराच्या हातातला कंदील विझला. आता सगळाच अंधार झाला म्हणून मी चष्मा पुसत बसले, आणि चष्मा घालून बघते तर आभाळ भरत चाललेलं! एकदम नाही, हळूहळू. आधी ठळक, मग त्यांच्या मधल्या, मग त्यांच्याही मधल्या बारीक. अंधाराला डोळा सरावल्यावर माळावर होतं ना, अगदी तसं. हे तू कधी बघून ठेवलं होतंस रे? शाळेत मी एवढं शिकवलं, पण कंदील विझवून थोडं थांबावं लागतं, हे मी कधी मुलांना सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी जेवण झालं की एक रात्र बघते. टपाल मी आजवर एकही पोचवलेलं नाही. (दरोडेखोर येतात, घोडा घेऊन जातात, कधी कधी त्या बिचाऱ्या घोडेस्वारालाही मारतात. तो पुन्हा उठतो, त्यामुळे मी फार मनाला लावून घेत नाही.) मी शिकवलेलं एकेक तपासून पाहिलं. आपल्या गावाचं नाव टाकलं की ध्रुव खाली, हात लांब करून दोन मुठी मावतील एवढ्याच उंचीवर. श्रीनगरचं टाकलं की चढला वर. बाजलं (पुस्तकात सप्तर्षी) त्याच्याभोवती फिरतं, आणि बरोबर दिशेनं फिरतं. डोक्यावरची चांदणी शांत, क्षितिजाजवळची लुकलुकणारी. ज्येष्ठा तांबूस, चित्रा पांढरी. तिफण, म्हणजे मृगाच्या पोटातले ते एका ओळीतले तीन तारे, उगवताना उभी असते आणि मावळताना आडवी होते, तेसुद्धा तू सोडलं नाहीस. नाहीतर तू मला तेव्हा दुसरा एक खेळ दाखवला होतास, त्यात चंद्रकोरीच्या पोटात चांदणी होती. चौथीतल्या मुलानं असं काढलं असतं तर मी वही परत दिली असती. आपल्याकडे आता चौकात उंच खांबाचा पांढरा दिवा लागलाय, त्याच्या उजेडात रात्री गच्चीवर सुई ओवता येते, पण वर पाहिलं तर आठ चांदण्या. आणि माझे गुडघे मला गच्चीवर जाऊ देत नाहीत. तेव्हा आकाशगंगा मी कितीतरी वर्षांनी पाहिली ती तुझ्या त्या घोड्याच्या दोन कानांच्या मधून. मला फार आनंद झाला. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच.

एकटीनं, कारण तुझे मोठेबाबा काही केल्या बघायला येईनात. बाजेवर पडूनच म्हणायचे, "मले काय दाखवता टीवीत? म्या धूमकेतू पाह्यला हाये, असली!" आता हे वाक्य तुला मी काय सांगावं. आपल्या घरात ज्याला दात आले त्याला हे वाक्य पाठ आहे. तरी पुन्हा सांगते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे. शहाऐंशी साल, गुढीपाडव्याच्या तोंडावरच्या अंधाऱ्या रात्री, माझ्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. हॅलीचा धूमकेतू आला होता. शहात्तर वर्षांनी एकदा येणारा, मी डी.एड.ला त्याच्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहून आले होते. पहाटे मळ्यातून दक्षिणेला दिसणार म्हणून गल्लीतली पुरुषमंडळी रात्रीच खळ्यावर निघाली. मीही पदर खोचून तयार झाले, तर सासूबाई, म्हणजे तुझी आजी रुक्मिणीबाई, दारात आडव्या. नव्या सुनेनं शेपटीचा तारा पाहू नये. आणि कोणी पाहायचाच असेल तर त्यांच्या चहाचं कोण बघणार? मग मी चुलीपाशी बसले. ती मोठी पितळी किटली भरून दोनदा चहा पाठवला, भज्यांचा डबा पाठवला, आणि उजाडेपर्यंत मागच्या दारातून दक्षिणेकडे काही दिसतं का ते बघत राहिले. मागच्या दारातून गोठा दिसतो. दक्षिणेला चिंच होती.

सकाळी हे आले आणि त्यांनी वर्णन केलं. मशालीसारखा पेटलेला, शेपटी विहिरीपासून चिंचेपर्यंत, आणि मधूनच सळसळ हलते. मला नोकरी लागली आणि पुढं तीस-बत्तीस वर्षं चौथीच्या वर्गात मी फळ्यावर तोच धूमकेतू काढला, विहिरीपासून चिंचेपर्यंत. पुस्तकात पुसट दिसतो असं छापलेलं असायचं, तर मी मुलांना सांगायची, पुस्तकवाल्यांनी कुठून पाहिला कोण जाणे, आमच्या घरच्या माणसानं खळ्यावरून पाहिलाय. तूही त्याच वर्गात होतास. तू पिवळा खडू संपेपर्यंत शेपटी काढलीस, पार कागदाबाहेर बाकावर नेलीस. त्या दिवशी घरी जाताना तू वर बघत चालला होतास आणि गटारात पडलास, आणि तेव्हापासून वर बघणं तू सोडलं नाहीस. मला स्वतःला दिसला नाही याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू, अजून वाटतं. पण घरात एकानं पाहिलाय ना, माझ्या वाटचा त्यांनी पाहिला, असं मी मनाला समजावलं होतं.

आता कालची हकीकत. काल संकष्टी. तुझी आई चंद्र बघितल्याशिवाय पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही, हे तुला माहीत आहे. कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ तिला चालत नाही, ढग असले तर ती गच्चीत ताटकळत उभी राहते. शेवटी माझी धाकटी जाऊ, मला तिची दया आली. दुपारी मी खेळात गावाचं नाव आणि कालचीच तारीख टाकली, म्हटलं, बघू तरी चंद्र कुठून वर येणार आहे, म्हणजे तिला नेमकी जागा दाखवता येईल. हेतू इतका चांगला होता. खिडकीवर चादर होतीच, बाहेर आभाळ दाटून काळोखी आलेली, आणि तुझी आई उपासानं डोकं धरून आतल्या खोलीत झोपलेली. तुझ्या खेळातली रात्र एखाद्या तासात संपते, हे तिच्या लक्षात असण्याचं कारण नाही आणि त्या क्षणी माझ्याही लक्षात राहिलं नाही. कारण पूर्वेला टेकाडामागं आधी उजेड आला, मग ढगांच्या कडा तांबूस झाल्या, आणि मग तो आला गजू, एका बाजूनं थोडा झिजलेला, चतुर्थीला असतो तेवढाच, बरोबर त्याच बाजूनं झिजलेला! मी भान विसरून ओरडले, "वंदना, चंद्र उगवला गं!"

ती उठली ती थेट देवघरात. ताम्हण, पळी, दूर्वा, तांब्या, सगळं तिनं तयार ठेवलेलं होतं. अर्ध्या झोपेत बाहेर आली, समोर चंद्र दिसला, हात जोडले, आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं तीन वेळा अर्घ्य दिलं. पहिलं टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सवर, दुसरं तुझ्या खोक्याच्या अगदी शेजारी, आणि तिसरं तेवढं फरशीवर. चंद्राला ओवाळलं. (चंद्र चांगला हातभर वर आला होता, तिला टाचा उंच कराव्या लागल्या.) मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं वरणभाताचे दोन घास खाल्ले, मोदक फोडला, आणि तेवढ्यात बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली. तिनं दार उघडलं. बाहेर लख्ख नाही, पण दिवस होता. पाच वाजून काही मिनिटं झाली होती. मोदक हातातच राहिला.

पुढं जे काय झालं ते थोडक्यात लिहिते. ती म्हणाली उपास मोडला. मी म्हटलं, मोडला कसा? चंद्र आजचाच, गाव आपलंच, आणि केला कोणी, तर तुझ्या पोटच्या मुलानं! ती म्हणाली, "पोरानं भात केला म्हणून काय फोटोतला भात खाऊ काय, ताई?" तिकडे टीव्ही बंद पडलेला, म्हणून मोठेबाबांनी बसस्टँडवरून गुलाम रसूलभाईंना बोलावून आणलं. तुझे रसूलचाचा आता दुकानात फार बसत नाहीत, पण आपल्या घरचा टीव्ही दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. त्यांनी सेट-टॉप बॉक्स उघडला, आतलं पाणी फडक्यानं टिपलं, आणि त्यांना सगळी हकीकत सांगितल्यावर मी म्हटलं, भाईजान, तुमचंही चंद्रावरच असतं, तुम्हीच निवाडा करा. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "भाभी, चांद टीवीत निघला तं शीरखुर्माबी टीवीतच खा लागंल." वंदना जिंकली. मग ते समजावून सांगू लागले की आपल्या डोळ्यानं पाहिलं पाहिजे, आणि पाहिलं असं दुसऱ्यांसमोर सांगता आलं पाहिजे, आणि अशा गोष्टीत खोटी साक्ष दिली तर फार वाईट.

हे ऐकून मोठेबाबा बाजेवर उठून बसले. त्यांना तर हेच पाहिजे होतं. "बराबर! आता म्या धूमकेतू पाह्यला, माह्या डोयानं. हा रसूल होता संगं. इचारा त्याले!"

रसूलचाचांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. गजू, मी आयुष्यभर वर्ग सांभाळला आहे. काच कोणी फोडली हे विचारल्यावर जी शांतता पसरते ती मला पाठ आहे. मी बसायचा मोडा ओढला, समोर बसले आणि विचारलं, भाईजान, शेपटी कुठपर्यंत होती? त्यांनी मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबांनी छताकडे पाहिलं. रसूलचाचा म्हणाले, "भाभी, आत्ताच झूटी गवाहीचं बोल्लो ना मी. आता कसा बोलू? आमी तं उठलोच नाही."

तर झालं होतं असं. खळ्यावर गेल्यावर मंडळींनी भजी खाल्ली, चहा प्यायला, पत्ते कुटले, पुन्हा चहा प्यायला, आणि गव्हाच्या भुशावर जरा पाठ टेकली. भुसा दिवसभराच्या उन्हानं उबदार होता. जाग आली ती तोंडावर ऊन आल्यावर, आणि बैल गव्हाच्या राशीत तोंड घालून उभा होता. धूमकेतू येऊन गेला होता की नाही, ते बैलाला माहीत. सगळी मंडळी गप्प गावाकडे निघाली, आणि वाटेत तुझे मोठेबाबाच म्हणाले, रात्रभर ती चुलीपाशी बसली, दोन किटल्या चहा केला, तिला आता झोपलो म्हणून कसं सांगायचं? मग विहिरीपासून चिंचेपर्यंत आले तोवर शेपटी तयार झाली. मी रसूलचाचांना विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर मोठेबाबांकडे बोट करून म्हणाले, "मले कोनी इचारलंच नाही, भाभी. सारे भगवानरावलेच इचारत."

मी मोठेबाबांकडे वळले. ते म्हणाले, "म्या नसंल पाह्यला. पन तो होता तं वर!"

मला राग यायला हवा होता. आधी हसू आलं, इतकं की वंदनासुद्धा हसली (मग तिला आठवलं की ती बोलत नाहीये). मग स्वयंपाकघरात गेल्यावर थोडं रडू आलं. त्यांनी फसवलं म्हणून नाही रे. मला वाटत होतं की या घरात एकानं तरी तो पाहिला. आता कळलं की कोणीच पाहिला नाही. मी शिकवलेली इतकी मुलं, त्यांच्या वह्यांतले इतके धूमकेतू, सगळे भुशावर झोपलेल्या माणसाचे. आणि तू, घरातला एकुलता एक माणूस जो खरोखर वर बघतो, तूही त्याच शेपटीला धरून पुण्यापर्यंत गेलास. तेव्हा रात्री पडल्या पडल्या मी ठरवलं की या थापेचं वाईट वाटून घ्यायचं नाही. तिच्यातून ते टेकाडावरचं आभाळ निघालं, आणि ते आभाळ खरं आहे. मी तपासलंय.

असो. टीव्ही सुरू झाला आहे, तुझं खोकं कोरडं आहे. रात्री जागत जाऊ नकोस. आता लाडू खा.

तुझी,
मोठीआई कोकिळा

ता.क. मागणं काही नाही असं वर लिहिलं होतं, पण एव्हाना तू दोन-तीन लाडू खाल्ले असशील. तर ऐक. तुझ्या खेळात तारीख मागं नेता येते. पौष महिन्यातच मी ती मागं नेली होती, मोठेबाबांची थाप उघडी पडण्याच्या कितीतरी आधी. शहाऐंशी साल, पाडव्याच्या आधीची पहाट, गाव साखरखेर्डा. कंदील विझवला, दक्षिणेकडे तोंड केलं. विंचू होता, त्याची तांबडी ज्येष्ठा होती, खाली क्षितिजापर्यंत सगळ्या चांदण्या जागच्या जागी. दरोडेखोर घोडा घेऊन गेले तरी मी पायीच उभी राहिले. तो नव्हता. तू त्याला घातलेलाच नाहीस. घाल रे. खरा येईल तो एकसष्ट सालात, आणि तोवर माझं इथं काही काम नाही. मशालीसारखा मात्र नको. पुस्तकात लिहिलाय तसा पुसट ठेव, डोळा सरावल्यावर दिसेल आणि शोधावा लागेल असा. फोटोतल्या भाताबद्दल तुझी आई म्हणते ते खरं असेल. मला चालेल.

ता.क. २. तुझी आई आत्ताच एक वाक्य बोलली. पुढच्या संकष्टीला खेळातलं घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चालेल का, एवढंच विचारून घ्या म्हणाली. तेव्हा विचारते.

ता.क. ३. मोठेबाबा पाठीमागे उभं राहून वाचत होते, मला उशिरा कळलं. म्हणतात, "गजूले लिवा, मलेबी दाखव म्हना." मी म्हटलं दाखवीन, पण यावेळी टीव्हीसमोर मी बसणार आणि चहा तुम्ही करायचा. दोनदा. ते तेव्हापासून ती पितळी किटली शोधत आहेत. ती कुठं आहे हे मला माहीत आहे, पण मी काही सांगत नाही.